रोजचे इंग्रजी : धाकट्या शब्दांची दिवाळी

वर्षभर या सदराला पाऊण पान मिळते. दिवाळी अंकात संपादकांनी हात सैल सोडला आहे, तेव्हा एरवी जे चिमटीने वाढतो ते आज पळीने वाढतो. वाचकांनी सावकाश बसावे, चकलीचा तुकडा हाताशी ठेवावा आणि वाचावे.

माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. ही पत्रे आता पोस्टमनपेक्षा मोबाइलच्या वाटेने अधिक येतात, पण प्रश्न बदललेला नाही. "आमचा शब्दसंग्रह तोकडा आहे. रोज किती शब्द पाठ करावेत?" कुणाला दहा पुरेसे वाटतात, कुणाला वीस. एका गृहस्थांनी तर कोश पहिल्या पानापासून घोकायला घेतला आणि 'अ‍ॅबडिकेट'पर्यंत मजल मारल्याचे कळवले. अ‍ॅबडिकेट म्हणजे राजाने सिंहासन सोडणे. सोसायटीच्या जिन्यावर, दवाखान्यात किंवा बँकेत हा शब्द त्यांना केव्हा लागणार, ते तेच जाणोत!

या मंडळींना माझे सांगणे एवढेच की, शब्दांचा तुटवडा तुमच्याकडे नाही. मोठमोठे इंग्रजी शब्द तुमच्या कपाटात घडी घालून ठेवलेले आहेत. अडते ते गेट, पुट, टेक, रन, लुक असल्या इवल्याशा क्रियापदांपाशी आणि त्यांच्यामागे लागणाऱ्या अप, ऑफ, आउट, आफ्टर या शेपटांपाशी. खिशात पाचशेची नोट आहे आणि रिक्षावाल्याला द्यायला सुटे पैसे नाहीत, अशी आपली गत आहे.

हे असे का झाले, त्याला इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले, ते त्याच सुमारास. पण हे दूध आपल्या घरी आले ते परीक्षेच्या, कोर्टाच्या आणि कचेरीच्या पेल्यातून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून कित्येक पिढ्या व्याकरणात पक्क्या झाल्या, त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण स्वयंपाकघर, माजघर आणि अंगण मराठीतच राहिले. राहिले ते बरेच झाले म्हणा! मात्र त्याचा परिणाम असा की 'पर्चेस', 'कमेन्स', 'रिसाइड' हे शब्द आपल्याला 'बाय', 'बिगिन', 'लिव्ह' यांपेक्षा जवळचे वाटतात. 'काइंडली डू द नीडफुल' हे वाक्य झोपेतही सुचते. आणि "साखर संपली", "पसारा आवर", "रुसू नकोस" एवढी तीन वाक्ये इंग्रजीत म्हणा म्हटले, की आपण छताकडे पाहू लागतो.

एरवी यात हसण्यासारखेच अधिक. पण कधीकधी हे सुटे पैसे जवळ नसणे फार महागात पडते.

आमच्या शेजारच्या आजींची हकिगत त्यांच्या परवानगीनेच सांगतो. आजी जुन्या अकरावीच्या मॅट्रिक. तीस वर्षे कचेरीत काम केले आणि इंग्रजी मसुदा लिहिण्यात त्यांचा हात धरणारे तिथे कोणी नव्हते. मुलगा न्यू जर्सीला, नातू सात वर्षांचा. दर रविवारी सकाळी मोबाइलवर एकमेकांची तोंडे पाहून बोलणे होते. नातवाला मराठी थोडेफार कळते, पण बोलतो तो इंग्रजीच. एका रविवारी तो म्हणाला, "आजी, आय थ्रू अप अ‍ॅट स्कूल."

आजींनी शब्द नीट ऐकले. थ्रू म्हणजे फेकले, अप म्हणजे वर. पोराने शाळेत चेंडू उंच फेकला असणार! त्या हौसेने म्हणाल्या, "व्हेरी गुड! हाऊ हाय?"

नातू गप्प झाला आणि त्याने फोन आईच्या हातात दिला. बिचाऱ्याला शाळेत सगळ्या मुलांदेखत उलटी झाली होती.

सून हसली, मुलगा हसला, आजीही हसल्या. पण पुढचे दोन रविवार नातू फोनवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी आमच्याकडे आल्या त्या हातात एक जुनी वही घेऊनच.

"अहो मास्तर, तीस वर्षं मी साहेबाच्या सहीची पत्रं लिहिली. माझ्या मसुद्यातला स्वल्पविरामसुद्धा कुणी हलवला नाही. आणि सात वर्षांच्या पोराशी मला बोलता येत नाही, हे काय हो? तो असा मोठा होत जाईल, आणि मी आपली 'हाऊ आर यू, व्हॉट डिड यू ईट' एवढंच म्हणत बसेन."

मी म्हटले, "आजी, तुम्हाला इंग्रजी येत नाही असं मुळीच नाही. तुम्हाला साहेबाचं इंग्रजी येतं, पोराचं येत नाही. ते कुठल्या कचेरीत शिकवतात?"

पुढे त्यांना जे सांगितले, तेच आज आपणा सर्वांना सांगतो.

या धाकट्या शब्दांनी मोठमोठ्या पंडितांनाही घाम फोडला आहे. १९३० साली सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने 'बेसिक इंग्लिश' नावाची योजना मांडली. सारा व्यवहार ८५० शब्दांत, आणि त्यांत क्रियापदे फक्त १८! चर्चिलसाहेबांनी १९४३ साली या योजनेची पाठ थोपटली. ऐकून वाटते, दोन महिन्यांत इंग्रजी खिशात! पण मेख इथेच आहे. सोसणे या अर्थाचा 'टॉलरेट' हा भारी शब्द यादीतून काढला, की त्याच्या जागी 'पुट अप विथ' म्हणावे लागते. पुट ओळखीचा, अप ओळखीचा, विथही ओळखीचा; तिघे एकत्र आले की मात्र तिऱ्हाईत! शब्द कमी झाले, शिकणाऱ्याचे ओझे काही कमी झाले नाही.

मायकेल वेस्ट हे दुसरे गृहस्थ. हे ढाक्याला शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयाचे प्रमुख होते आणि बंगाली मुलांची अडचण त्यांनी जवळून पाहिली होती. १९५३ साली त्यांनी सुमारे २००० नित्याच्या शब्दांची यादी छापली. तिची खुबी अशी की, नुसता शब्द देऊन ते थांबले नाहीत. एकेका शब्दाचे कोणते अर्थ जास्त वापरात आहेत, तेही सांगितले. तिसरे ए. एस. हॉर्न्बी. यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता दोन सहकाऱ्यांबरोबर परक्या विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने छापला. शब्द वाक्यात कसा बसतो, कोणाबरोबर जातो, हे सांगण्यावर त्यात भर होता. आजही आपल्या मुलांच्या टेबलावर ऑक्सफर्डचा जो विद्यार्थ्यांचा कोश असतो, तो याच घराण्यातला.

यातून आपण घ्यायचे ते असे, की शब्द थोडे असले तरी चालतील, पण एकेकाची ओळख पुरी हवी.

आणि वाचकहो, हे काम मराठी माणसाला जड जाण्याचे कारण नाही. आपली भाषा तरी दुसरे काय करते? 'लागणे' हे एक क्रियापद घ्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागते, आग लागते, घाटात गाडी लागते आणि परीक्षेचा निकालही लागतो. 'मारणे' घ्या. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, फेरी मारतो, आणि यांत कोणालाही मार बसत नाही! मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने 'गप्पा मारल्या' याचा शब्दशः अर्थ केला, तर तो पोलिसांनाच बोलावील. आजींनी 'थ्रू अप'चा केला, तो अर्थ याच जातीचा होता.

आता एक किल्ली देतो. 'अप' हे शेपूट पुष्कळदा आपल्या 'टाकणे'चे काम करते. खाऊन टाक म्हणजे 'ईट इट अप'. दूध पिऊन टाक म्हणजे 'ड्रिंक इट अप'. कागद फाडून टाकला म्हणजे 'टोअर इट अप'. सगळे पीठ वापरून टाकले म्हणजे 'यूज्ड इट अप'. नुसते खाणे आणि खाऊन टाकणे यांत जो फरक आपल्याला आईच्या आवाजावरून कळतो, तोच 'ईट' आणि 'ईट अप' यांत आहे. तसेच करत राहणे म्हणजे 'कीप ऑन'. फेकून देणे म्हणजे 'थ्रो अवे'. सगळीच कुलपे या किल्लीने उघडत नाहीत. 'थ्रो अप' आणि 'गिव्ह अप' निराळीच शिकावी लागतात. पण दहातली चार उघडली तरी पायरी चढली म्हणायची.

आजींच्या वहीसाठी मी तीन नियम घालून दिले. पहिला : सुटा शब्द लिहायचा नाही, घरात खरोखर बोलले जाणारे आख्खे वाक्य लिहायचे. दुसरा : एका दिवशी एकच क्रियापद. 'लुक'चा दिवस असेल तर 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक अप' म्हणजे कोशात शब्द काढून पाहणे, 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे, 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे आनंदाने वाट पाहणे. तिसरा : वाक्य लिहिले त्या दिवशी ते मोठ्याने एकदा तरी वापरायचे, मग समोर मांजर असले तरी हरकत नाही.

आजींना मांजर नव्हते, पण नातू होता. सुनेने समजावल्यावर तो पुन्हा फोनवर येऊ लागला. एका रविवारी त्याने आजींना कोडे घातले. आजींना उत्तर येईना. तो नाचत विचारू लागला, "डू यू गिव्ह अप, आजी? डू यू गिव्ह अप?" हार मानतेस का, हे आजींनी बरोबर ओळखले आणि ठसक्यात म्हणाल्या, "नॉट यट!" त्या दिवशी दोघे पाऊण तास बोलत होते. पुढे तर देवघेवच सुरू झाली. तो एक 'पुट' द्यायचा, आजी एक 'लागणे' द्यायच्या. परवा पोराने पायाचा अंगठा कॅमेऱ्यासमोर धरून सांगितले, "आजी, मला ठेच लागली!" ठेच लागल्याचे इतके कौतुक जगात दुसऱ्या कोणाचे झाले नसेल.

आता थोडे वाक्प्रचारांविषयी. आपल्याकडे वाक्प्रचार म्हटला की विद्यार्थी मांजरे आणि कुत्रे यांचा पाऊस पाडून मोकळे होतात. बोलताना इंग्रज माणूस बहुधा साधे 'इट्स पोअरिंग' म्हणतो. वाक्प्रचार दागिन्यासारखा अंगावर चढवण्यासाठी नसतो. तो आधी ऐकून समजावा, मग बेताने वापरावा. आणि लक्षात राहावा असे वाटत असेल, तर तो कोणत्या धंद्यातून, कोणत्या खेळातून आला ते पाहावे.

फोनचेच पाहा. बोलणे संपवण्याला इंग्रजीत 'हँग अप' म्हणतात. भिंतीवरच्या जुन्या टेलिफोनचा कर्णा बोलणे झाले की आकड्याला अडकवीत, त्यावरून हा शब्द. आपण "फोन ठेवते हं" म्हणतो, कारण आपण तो टेबलावरच्या यंत्रावर ठेवत होतो. आज मोबाइल कोणी अडकवीतही नाही आणि बोलणे संपले म्हणून ठेवीतही नाही; वस्तू गेली, शब्द राहिले.

क्रिकेट तर आपल्या घरातलेच. १८५८ साली शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट भेट दिली आणि 'हॅटट्रिक' जन्माला आली. पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस पडून ऊन आले की ती चिकट होई आणि चेंडू कसाही उसळे. म्हणून अडचणीत सापडलेला माणूस 'ऑन अ स्टिकी विकेट'. एखाद्याच्या गुणांनी दिपून गेलेला तो 'बोल्ड ओव्हर', आणि कोणाच्या सांगण्यावाचून आपण होऊन केलेले काम 'ऑफ हिज ओन बॅट'. हे सारे फलंदाजाच्या चेहऱ्याकडे पाहून कळते, पाठ करावे लागत नाही.

मात्र अमेरिकेत नातवंडे असणाऱ्यांनी सावध राहावे. तिथे क्रिकेटची जागा बेसबॉलने घेतली आहे. अंदाजे आकडा सांगायचा तर तो 'बॉलपार्क फिगर'. पावसाने सामना बुडाला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळे, ती 'रेन चेक'. म्हणून कोणी तुमच्या जेवणाच्या आमंत्रणावर 'रेन चेक' मागितला, तर छत्री देऊ नका. "आज नको, पुन्हा कधीतरी येईन" एवढाच त्याचा अर्थ.

आणि इंग्रजीत सगळेच परके आहे असेही समजू नका. मुंगूस मराठीतूनच तिकडे गेले आणि 'मॉन्गूस' झाले. आपल्या नाशिकजवळचे देवळालीही त्या भाषेत जाऊन बसले आहे. तिथल्या छावणीत मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशाच्या बोटीची वाट पाहत पडून राहत. काम नाही, करमणूक नाही, वर ऊन. त्यांतल्या कोणाचे डोके फिरल्यासारखे झाले, की सोबती म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झाला. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! विलायतेत आजही वेडसर वागणाऱ्याला 'डूलॅली' म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला नाशिक कुठे आहे याचा पत्ताही नसतो.

असो. आता दिवाळीचा अभ्यास. शाळेच्या अभ्यासासारखा तो करायचा नाही, काम करता करता म्हणायचा. आकाशकंदील वर टांगताना 'लेट्स हँग अप द लँटर्न' म्हणा. फोनचा 'हँग अप' आणि हा, दोघे सख्खे भाऊ आहेत. फटाके उडवणे म्हणजे 'लेट ऑफ'. पणती विझवणे म्हणजे 'पुट आउट', नवे कपडे घालणे 'पुट ऑन', आणि खरेदी पुढे ढकलणे 'पुट ऑफ'. लाडू वळता वळता बेसन संपले तर 'वी हॅव रन आउट ऑफ बेसन'. इथे कोणी धावबाद झालेले नाही. चकल्या छान झाल्या तर 'द चकलीज टर्न्ड आउट वेल'. चकलीला इंग्रजी नाव शोधू नका, ती चकलीच राहू द्या. पाहुणे सहज डोकावले तर ते 'ड्रॉप्ट इन'. त्यांच्यापुढे फराळाचे ताट ठेवून 'प्लीज हेल्प युवरसेल्फ' म्हणा. "हवे ते घ्या, संकोच करू नका" हा त्याचा अर्थ. आणि पाहुणे गेल्यावर पसारा आवरायचा, तो 'टायडी अप'. हे वाक्य घरातल्या पुरुषमंडळींनी आधी शिकावे, अशी या सदराची नम्र सूचना आहे.

शेवटी एक विनंती. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे एकाच घरात आजी, आई आणि नात यांच्या इंग्रजीची वये निरनिराळी आहेत. २०१२ साली निघालेल्या 'इंग्लिश विंग्लिश' चित्रपटातली शशी गोडबोले आपल्याला इतकी आपली वाटली, ती त्यामुळेच. तिला इंग्रजी येत नव्हते याहून घरचीच माणसे त्यावरून हसत होती, ही तिची खरी बोच होती. तेव्हा घरातल्या कोणी या दिवाळीत 'पुट ऑन द लाइट'च्या जागी 'ओपन द लाइट' म्हटले, तर हसू नका. दिवा लावायचाच आहे ना त्यांना? बरोबर वाक्य हळूच एकदा म्हणून दाखवा आणि लागू द्या तो दिवा.

सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा पाऊण पान. पहिले क्रियापद 'गेट'. वही तयार ठेवा.